मायनर म्हणजे किरकोळ नव्हे!

नातीने बी.ए.ला अर्थशास्त्र मेजर घेतलं आणि मायनर म्हणून मानवशास्त्र. झालं! गेल्या रविवारी घरी जमलेल्या नातेवाइकांनी तिला घेरलंच. "हाडं मोजणार का?" "त्यापेक्षा कॉम्प्युटरचं काही घे." पोर गप्प बसली. मी बसणार नाही.

मंडळी, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं आणि आपण 'मायनर' म्हणजे 'किरकोळ' असं ठरवून मोकळे झालो.

हाडांचं म्हणाल तर तो डाग खरा आहे. रिस्लेसाहेबांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावली होती. पण याच शास्त्रातल्या आपल्या इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि एकाच दिंडीतली माणसं जातीपुरती वेगळी जेवतात हे पाहून अस्वस्थ झाल्या. वारीचं प्रेम आणि हा सल, दोन्ही त्यांनी 'परिपूर्ती'त लिहिलं. युगान्त सगळ्यांच्या कपाटात आहे, मग त्यांचं शास्त्र घरात का नको?

आता माझं सांगते. माझ्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची. हजेरीपटावर मी लाल शाईने 'अनियमित' लिहायचे. एकीला उभं करून सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या घरी शिक्षणाची किंमतच नाही!" पुढच्या वर्षी ती आलीच नाही. आईबाप ऊसतोडीला जातात एवढं मला ठाऊक होतं. पण मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको दोघांना जावं लागतं, मागे सांभाळणारं कोणी नसलं की पोरंही फडावर जातात, हे मी कधी विचारलंच नाही. बी.ए., बी.एड. होते ना मी! उत्तरं पाठ होती, प्रश्न कोणी शिकवला नव्हता.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. अर्थशास्त्र नातीला कोयते मोजायला शिकवेल. दोन माणसांचा एक कोयता कसा होतो, त्यात बाईचं नाव कुठे जातं, हे विचारायला मानवशास्त्र शिकवेल. नोकरी मेजरवर मिळू दे की! प्रत्येक विषयाने पगारच आणायचा असेल तर कॉलेज कशाला, दुकान काढा.

असो. बाळ, फॉर्म बदलू नकोस. आजी आहे.