सीमाभागाची मराठी: ऐकायला मुबलक, बोलायला जागा नाही

गाणगापूरची वारी गोमंतकीय दत्तभक्तांना नवी नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर ज्या गुरुचरित्राचे पारायण चालते तो ग्रंथ मराठी, आणि ते क्षेत्र मात्र कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात. आज हेच पारायण मोबाइलवर हवे तेव्हा, हव्या त्या अध्यायापासून ऐकता येते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरची माणिकप्रभूंची पदे असोत वा पुण्या-मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली कादंबरी, भालकी-औरादच्या मराठी माणसाला त्यासाठी आता कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मात्र त्याच्या स्वतःच्या गावाची बातमी त्याच्या मराठीत ऐकायला मिळते का, हे विचारले की चित्र पालटते.

हैदराबाद संस्थानातला जुना बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी फोडण्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हा पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. मात्र रेडिओच्या मध्यमलहरींनी ही रेषा कधी मानली नाही. परभणी केंद्राची मराठी मांजरेच्या दोन्ही तीरांवर पोहोचत होती, कलबुर्गीचे कन्नड कार्यक्रमही तसेच अलीकडे येत होते. पुढे भर एफएमवर गेला. या लहरी जेमतेम काही दशक किलोमीटर जातात. ध्वनी सुस्पष्ट झाला, आवाका मात्र आखूड झाला. ती उणीव मोबाइलने भरून काढली. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवर बीदरचा श्रोता पणजी केंद्रही ऐकू शकतो.

खर्चाची अडचणही फारशी उरलेली नाही. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने तासभर श्राव्य मजकूर ऐकला तर सुमारे २९ एमबी डेटा खर्च होतो. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या योजनेत पन्नास तासांचे ऐकणे बसते. दिवसच तेवढा मोठा नसतो!

मग उणीव कशाची? जे ऐकू येते ते दुरून आलेले असते. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले तेच मराठीला सोबत घेऊन, आणि त्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांचा व्यवसाय उभा राहिला. पण त्याची बाजारपेठ व निर्मिती पुण्या-मुंबईभोवती फिरते. कन्नड आणि दखनी उर्दूच्या शेजाराने घडलेली, शब्दांपासून हेलापर्यंत वेगळी असलेली बीदरची मराठी तिथे येत नाही. कलबुर्गीच्या तुरीचा भाव, मांजरेचा पूर, उसाची थकलेली बिले या गोष्टी तर त्या व्यवसायाच्या गावीही नाहीत. दोन्ही बाजूंचे सरकारी नियोजन राज्यनिहाय असल्याने हा श्रोता कोणाच्याच हिशेबात बसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक दृष्टिपथात असताना कर्नाटक सरकारने मराठा विकास प्राधिकरण व ५० कोटी रुपये जाहीर केले. पण ते समाजासाठी होते, भाषेसाठी नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद सीमेपलीकडेही झाला असणार. पण तो दर्जा भालकीत वार्ताहर नेमत नाही.

इथे एका कायदेशीर बाबीकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही. खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा देता येतात. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्र काढण्याची मुभा मिळाली, तरी हे बंधन कायम राहिले. इंटरनेटवरून मागणीनुसार ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनीला मात्र असा परवाना लागत नाही. डिजिटल वृत्तमाध्यमांसाठीचे २०२१ चे नियम लागू होतात, इतकेच. म्हणजे औरादच्या चार तरुणांनी रोज दहा मिनिटांचे मराठी वार्तापत्र मोबाइलवर द्यायचे ठरवले तर लहरींच्या परवान्यासाठी दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत. रेडिओच्या सबंध इतिहासात ही सवलत सीमाभागाला प्रथमच मिळाली आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले सीजीनेट स्वरा साध्या फोनवर चालले. एक अंक दाबून आपली तक्रार मुद्रित करायची, दुसरा दाबून इतरांची ऐकायची. तपासून मगच ती सर्वांना खुली होई. ज्या गोंडीला रेडिओवर जागा नव्हती तिला त्यातून आवाज मिळाला. बीदरच्या मराठीची स्थिती तर त्याहून कितीतरी सोयीची आहे: लिपी आहे, साहित्य आहे, सीमेला लागून पावणेदोन लाख नव्हे, कोट्यवधींची भाषिक पाठराखण आहे.

प्रसार भारतीचा वेव्हज हा मंच २० नोव्हेंबर २०२४ रोजी पणजीतच, इफ्फीच्या उद्घाटनप्रसंगी सुरू झाला; त्यावर रेडिओही आहे. थेट प्रसारण मात्र वेळ टळली की हातचे जाते, आणि शेतातून सांजावल्यावर परतणाऱ्याला दुपारच्या कार्यक्रमाचा उपयोग नसतो. परभणी आणि कलबुर्गी केंद्रांनी मिळून सीमाभागासाठी दोन्ही भाषांतले छोटे वार्तापत्र साठवून ठेवले, तर त्याला नवा मनोरा लागणार नाही. लागेल तो दोन राज्यांतल्या दोन केंद्रांमधला एक करार. इथेच घोडे पेंड खाते, कारण सीमाभागातल्या मराठीला दिलेली कोणतीही सोय दाव्याच्या खात्यात जमा होईल अशी भीती बेंगळुरूला वाटते, आणि मुंबईला तो दावा सभेत जितका आठवतो तितका अर्थसंकल्पात आठवत नाही.