विश्वासाची मोजपट्टी

“विश्वास कमी पडतोय, बाई.” सिकंदराबादच्या एका रुग्णालयात प्रार्थनेसाठी आलेल्या गृहस्थांनी माझ्या आईला तिच्या खाटेशी उभं राहून हे ऐकवलं. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. कर्करोगाच्या वेदना ती सोसत होती. हा आरोप तिला सोसवला नाही.

अशा मंडळींचं म्हणणं असं, की ख्रिस्तावर पुरता भरवसा असला की दुखणं पळतं, भीती शिवत नाही, शंका मनात येत नाही. ज्याचं दुखणं हटत नाही त्याचा भरवसाच कच्चा. हैदराबादेत आरोग्यसभांच्या मांडवांतून हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हे मत खोटं आहे, आणि आजाऱ्याच्या बाबतीत ते क्रूरही आहे.

बायबलच वेगळं सांगतं. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिलाच. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचा असाच हिशेब मांडत बसले होते; शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. आणि गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून खुद्द येशूनं प्रार्थना केली. भीती म्हणजे अविश्वास असेल, तर त्या रात्री बागेत अविश्वासी कोण होतं?

हीच पट्टी पंडिता रमाबाईंना लावून पाहा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या पत्रांतून सिद्धांतांवर वाद घालत राहिल्या, पटलं नाही ते पटलं नाही असं लिहीत राहिल्या. कानांनीही दगा दिला. एकुलती एक लेक मनोरमा. निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला १९१२ मध्ये सुरू झालेली शाळा तिनं सांभाळली. ती १९२१ मध्ये आईआधी गेली. रमाबाई केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. विश्वास कमी पडला असं यांना सांगायला कोण धजेल?

मग अशा भरवशाचा उपयोग काय, असं दुसऱ्या बाजूचे, श्रद्धा न मानणारे मित्र विचारतात. ही नुसती मनाची समजूत, माणसाला हातपाय गाळायला लावणारी, असं त्यांना वाटतं. त्यांनी हैदराबादेहून शंभरेक किलोमीटरवरच्या मेदकला जावं. मेथडिस्ट मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी दुष्काळात उपाशी माणसांना काम आणि धान्य मिळावं म्हणून तिथलं चर्च बांधायला काढलं. १९१४ पासून दहा वर्षं काम चाललं, १९२४ च्या नाताळात ते खुलं झालं. भरवशानं तिथं हातांना काम दिलं.

माझं स्वतःचं म्हणणं एवढंच आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या अंगावर घाव तसेच होते. शंका घेणाऱ्या थोमाला त्यानं हाकललं नाही, ते घाव पुढे केले. शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली, “भीती वाटते रे, पण तो इथंच आहे.” भीती आणि भरवसा तिच्या एकाच वाक्यात होते, आणि दोन्ही खरे होते.

आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा स्टूल ओढून खाटेशी बसा, तोंडाला पाणी लावा, त्याच्या शंकेसकट त्याच्यासाठी प्रार्थना करा. पण त्याचा विश्वास मोजू नका.