पंचकोनाची फरशी

परवा न्हाणीघरात टाइल बसवताना गवंड्याने एक तुकडा चुकीचा कापला. मुलं घराचं चित्र काढतात ना, अगदी तसा. आणि जुनी गोष्ट टोचली.

सातवीच्या वर्गात मी सांगितलं होतं, पंचकोनाची फरशी बसत नाही. एकाने वहीत घर काढून विचारलं, "बाई, हापण पंचकोनच ना? एक सुलटं, एक उलटं बसवलं तर?" मी म्हटलं, "पुस्तकात नाही ते विचारू नकोस." वर्ग हसला. तो खाली बसला.

त्याचंच बरोबर होतं! फट उरते ती सुसम पंचकोनाची. कोन १०८ अंशांचा, तीन जोडले की ३२४, उरले ३६. घरांची रांग मात्र उलट्या रांगेत नेमकी बसते.

मोठेही चुकले आहेत. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनर या गणितज्ञाने असे आठच प्रकार असल्याचं जाहीर केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लेख लिहिला. तो वाचून मार्जोरी राइस या अमेरिकन गृहिणीने आणखी चार प्रकार शोधले. गणित शाळेपुरतंच! आज बहिर्वक्र पंचकोनाचे १५ प्रकार माहीत आहेत.

मंडळी, माझं मत ठाम आहे. "मला माहीत नाही, करून बघू," हे शिक्षकाला म्हणता आलंच पाहिजे. मला त्या दिवशी आलं नाही. पुठ्ठा आणि कात्री तर कपाटातच होती.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल.