जुने सूर, नवे कान

येत्या ३ ऑक्टोबरला विविध भारतीचा वाढदिवस. १९५७ साली याच दिवशी ‘पंचरंगी कार्यक्रम’ अशी ओळख सांगत ही सेवा सुरू झाली. तिच्यावर वाजलेले पहिले गाणे सिनेमातले नव्हते. पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिलेले, अनिल विश्वास यांनी स्वरबद्ध केलेले आणि मन्ना डे यांनी गायलेले ‘नाच रे मयूरा’ खास रेडिओसाठी बांधले होते. आज विविध भारती म्हटले की जुनी गाणी आठवतात. पण जन्मली तेव्हा ती त्या काळाची, ताज्या सुरांची सेवा होती. श्रोता तिच्यासोबत वयाने वाढत गेला आणि त्याची लाडकी गाणी हळूहळू ‘जुनी’ झाली.

सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या या सेवेपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो जगभरातल्या जुन्या गाण्यांच्या सगळ्याच केंद्रांना पडला आहे. रोजचा श्रोता थकत चालला आहे. त्याच्या जागी नवा श्रोता आणायचा तर रूप पालटावे लागते, आणि फार पालटले तर जुनाच श्रोता विचारतो, हे आपलेच केंद्र का? वाढदिवस साजरा करताना या प्रश्नाचा विचार व्हायला हवा, कारण विविध भारतीचा जन्मच मुळी अशा पेचातून झाला आहे.

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला हा व्यासंगी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर पुरस्कर्ता होता. आकाशवाणीने अभिजात संगीतासाठी त्या काळात केलेले काम मोठे आहे. पण त्याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि ‘रेडिओ सिलोन’ लावले. अमीन सयानी यांच्या आवाजातली ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. पाच वर्षांनी विविध भारती आली ती या गेलेल्या श्रोत्याला परत बोलावण्यासाठी. श्रोत्याला गृहीत धरले की तो न बोलता निघून जातो, हा धडा तिने जन्मतःच घेतला होता.

हाच धडा न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या केंद्राला फार महाग पडला. १९७२ पासून हे केंद्र जुन्या गाण्यांसाठी ओळखले जात होते. तिथल्या निवेदकांचे आवाज शहराला घरच्यासारखे झाले होते. मात्र जाहिरातदारांना हवा असतो २५ ते ५४ या वयोगटातला श्रोता, आणि या केंद्राचा श्रोता त्या कुंपणापलीकडे चालला होता. ३ जून २००५ रोजी संध्याकाळी पाच वाजता मालकांनी एका फटक्यात सारे बदलले. निवेदक गेले, जुनी गाणी गेली आणि ‘जॅक’ नावाचे नवे केंद्र त्याच वारंवारतेवर सुरू झाले. कुणीही न बोलता एकामागून एक गाणी वाजत राहावीत, हे त्याचे स्वरूप. कुणाच्या तरी खिशातला आयपॉड मोठ्याने लावावा तसे. शहर खवळले. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनीही आपण हे केंद्र यापुढे ऐकणार नसल्याचे सांगितले. श्रोते घटले, जाहिराती घटल्या आणि १२ जुलै २००७ रोजी मालकांना जुने नाव आणि जुनी गाणी परत आणावी लागली.

ही गोष्ट श्रोत्यांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. तिचा उरलेला अर्धा भाग मात्र अधिक शिकवणारा आहे. परतलेले केंद्र हुबेहूब जुने नव्हते. ‘जुनी गाणी’ हा शब्द त्याने बाजूला ठेवला आणि ‘सर्वात गाजलेली गाणी’ असे म्हणायला सुरुवात केली. गाण्यांचा काळही सरकला: तेव्हा तो साधारण १९६४ ते १९८९ असा झाला. पन्नाशीच्या दशकातली गाणी, ज्यांच्या जोरावर हे केंद्र उभे राहिले होते, ती मागे पडली. म्हणजे बदल तर झालाच. फरक इतकाच, की या वेळी तो श्रोत्याशी बोलत, ओळखीच्या आवाजांतून झाला. २००५ मध्ये लोकांना गाणी बदलल्याचे दुःख होतेच; त्याहून मोठे दुःख होते ते कुणी निरोपही न घेता उठून गेल्याचे.

ब्रिटनमध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. बीबीसीच्या ‘रेडिओ २’ने तुलनेने तरुण श्रोत्याकडे मोर्चा वळवला, तेव्हा साठी ओलांडलेल्यांना आपण पोरके झाल्यासारखे वाटले. १४ फेब्रुवारी २०२१ रोजी, टाळेबंदीच्या काळात, ‘बूम रेडिओ’ खास या पिढीसाठी सुरू झाला आणि त्याचे निवेदक आपापल्या घरातून बोलू लागले. तीन दशके सकाळ गाजवणारे केन ब्रूस २०२३ मध्ये ‘रेडिओ २’ सोडून ‘ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ’कडे गेले, तेव्हा त्यांचे प्रश्नमंजूषेचे सदर आणि कितीतरी श्रोते त्यांच्यामागोमाग गेले. तीच गाणी आता कुणालाही फोनवर मिळतात. माणसे गेली ती त्या आवाजामागे.

‘जुने’ म्हणजे किती जुने, हेही एकदा नीट पाहायला हवे. न्यूयॉर्कच्या त्या केंद्राने १९७२ मध्ये १९५५ चे गाणे ‘जुने’ म्हणून लावले, तेव्हा ते गाणे अवघे सतरा वर्षांचे होते. त्याच मापाने मोजले तर २०१० च्या ‘नटरंग’ची गाणी आता जवळजवळ त्या रांगेत येऊन उभी राहिली आहेत. ती ऐकत महाविद्यालयात वावरलेली मुले आज आईबाप झाली आहेत आणि स्वयंपाक करताना, गाडी चालवताना त्यांना आपल्या तारुण्याची गाणी हवी आहेत. ही मागणी रास्त आहे. सैगलची भक्ती असलेल्यांनी तिच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. खासगी एफएम केंद्रांनी ती ओळखून ‘रेट्रो’ हा तरणाबांड शब्द रूढ केला. ‘९२.७ बिग एफएम’वर अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ गाजला, तो गाण्यामागची गोष्ट रंगवून सांगितल्यामुळे. २०१७ मध्ये आलेल्या ‘सारेगामा कारवाँ’ने जुन्या रेडिओच्या रूपात पाच हजार गाणी घरोघरी नेली आणि मुलांनी ती आईवडिलांना भेट दिली. ओढ आटलेली नाही, हे यातून दिसतेच.

पण बाजाराच्या हिशेबात एक खोट आहे. त्यात काळाची चौकट पुढे सरकली की मागचे टोक कापले जाते. नव्वदीची गाणी आत आली की चाळिशीची बाहेर. जाहिरातींवर जगणाऱ्या केंद्राला याचा दोष देता येणार नाही. सार्वजनिक प्रसारणाचे काम नेमके इथून सुरू होते. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई-पुणे-नागपूर येथून, जाहिराती सुरू झाल्या हे खरे. तरीही तिच्या पाठीशी जनतेचा पैसा आहे, म्हणून तिला पुढची बाजू वाढवताना मागची बाजू कापावी लागत नाही. सकाळी ‘भूले बिसरे गीत’मध्ये सैगल आणि काननदेवी, दुपारी नव्वदीचे सूर, रात्री ‘छायागीत’ अशी तीन पिढ्यांची पंगत तीच मांडू शकते.

आणि तिने वेळोवेळी नवे रूप घेतलेलेही आहे. झुमरी तलैयाहून येणाऱ्या पोस्टकार्डांनी तिचे फर्माइशीचे कार्यक्रम भरत. पुढे ‘हॅलो फर्माइश’मधून फोन आला, मग ‘एसएमएस के बहाने, वीबीएस के तराने’मधून मोबाइलचा संदेश आला. आता ती प्रसारभारतीच्या अ‍ॅपवर जगात कुठेही ऐकू येते. पोस्टकार्डाची जागा मोबाइलने घेतली, पण नाव-गाव वाचून दाखवणारा माणूस तोच राहिला. रूप बदलण्याची याहून चांगली रीत शोधायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

आमची काळजी वेगळी आहे. आज आपण ज्यांना जुनी गाणी म्हणतो, त्यातली कितीतरी रेडिओनेच घडवली आहेत. ‘गीतरामायण’ची छप्पन्न गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी रचली गेली. ‘भावसरगम’ या कार्यक्रमाने मराठी भावगीताला घर दिले. गदिमा, सुधीर फडके, यशवंत देव यांच्या पिढीला रेडिओने काम दिले आणि मुदतही घातली. दर आठवड्याला नवे गाणे हवे, या धाकातून अमर गाणी निघाली. जे केंद्र नुसते साठ्यातले वाजवते, ते आजोबांनी ठेवलेल्या पुंजीवर जगते. २०६० मधल्या श्रोत्याने जुनी म्हणून कोणती गाणी ऐकायची, याची तजवीज आज कुणी करायची?

म्हणून या वाढदिवसानिमित्त आकाशवाणीकडे आमचे मागणे आहे. सर्वात जुन्या गाण्यांची वेळ कोणत्याही फेररचनेत हलवू नका. त्या वेळेला तरुण निवेदक बसवा, त्यांना गाण्याचा इतिहास शिकवा आणि नैमित्तिक म्हणून काम करणाऱ्यांना सन्मानाचे मानधन द्या. संग्रहातली ध्वनिमुद्रणे कपाटातून काढून लोकांपुढे ठेवा. आणि दर महिन्याला एक तरी नवे मराठी गीत, आजच्या कवीचे आणि आजच्या संगीतकाराचे, खास रेडिओसाठी बांधून घ्या.

श्रोत्यांकडेही एक मागणे आहे. न्यूयॉर्कचे केंद्र परत आले, कारण तिथले लोक गप्प बसले नाहीत. आपले केंद्र जाण्याची वाट पाहू नका. ३ ऑक्टोबरला घरातल्या सर्वात लहान मुलाला शेजारी बसवून रेडिओ लावा, एक गाणे त्याच्या आवडीचे आणि एक तुमच्या आवडीचे मागा, आणि ती फर्माइश स्वतःच्या नाव-गावासह कळवा. केंद्राला पुढचे श्रोते असेच मिळतील.