एका पत्त्यावर दहा बिऱ्हाडं

मंडळी, आज जरा स्पष्टच बोलतो. लिनक्सच्या एका होस्टवर दहा व्हर्च्युअल मशीन चढवायची आणि बाहेरच्या जगाला पत्ता मात्र एकच द्यायचा, हा जो प्रकार सर्रास चालतो ना, तो बंद व्हायला हवा. लिबव्हर्ट टाकलं की १९२.१६८.१२२ वालं नेटवर्क नॅटसकट आयतं मिळतं, म्हणून लोक तिथेच मुक्काम ठोकतात. मग २२२२ पोर्ट या मशीनचं, २२२३ त्या मशीनचं, आणि ८०८१ कुणाचं ते फक्त नोकरी सोडून गेलेल्या अ‍ॅडमिनला ठाऊक!

गैरसोय एक वेळ चालवून घेऊ. पण बाहेर जाणारं सगळं ट्रॅफिक एकाच आयपीवरून जातं त्याचं काय? एका मशीनवरचं कुणाचं तरी जुनाट वर्डप्रेस फुटतं, रात्रभर स्पॅम पाठवतं, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि शेजारच्या मशीनवरून जाणारी बिलांची मेलं परत यायला लागतात. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव.

'नॅटमुळे सुरक्षित असतं हो' हे ऐकून तर कान किटले. अनोळखी कनेक्शन अडवणं हे फायरवॉलचं काम. फॉरवर्ड चेन मुळात बंद ठेवा, हवी तेवढीच पोर्टं उघडा. पत्ता खरा असला तरी दार बंदच राहतं. १९९४ साली नॅटचा आरएफसी आला तो पत्ते कमी पडतायत म्हणून, आणि तोही तात्पुरता उपाय म्हणून.

मग लोक वेगळे पत्ते देत का नाहीत? एकदा हात पोळलेला असतो. भाड्याच्या सर्व्हरवर ब्रिज बांधला, व्हीएमला नवा आयपी दिला, आणि पिंग काही येईना. येणार कसं? ब्रिजवरची व्हीएम स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस घेऊन बाहेर बोलते, आणि बरेच होस्टिंगवाले अनोळखी मॅकची पॅकेटं सरळ फेकून देतात. तिथे राउटिंग करा. जादा पत्त्यांचा ब्लॉक होस्टच्या मुख्य आयपीकडे राउट करून मागा, होस्टवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, लिबव्हर्टचं नेटवर्क नॅटऐवजी राउट मोडमध्ये टाका आणि प्रत्येक पत्त्याचा /३२ राउट त्या आतल्या ब्रिजकडे वळवा. व्हीएमचा गेटवे म्हणजे होस्टच. फक्त तोच पत्ता होस्टच्या कार्डावर एलियस म्हणून लावू नका. होस्ट पॅकेटं स्वतःच गिळतो आणि तुम्ही टीसीपीडंप बघत बसता :) ब्लॉक राउट करून मिळत नसेल तर प्रॉक्सी एआरपी आहेच.

पत्ते महाग झालेत, हे मात्र मान्य. आयानाचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, आणि फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याचा तासाला अर्धा सेंट घेतं. मग मेल सर्व्हरला स्वतंत्र व्ही-फोर द्या, बाकीच्यांचं व्ही-फोर खुशाल नॅटमधून जाऊ दे. पण भाड्याच्या सर्व्हरसोबत आयपीव्ही-सिक्सचा /६४ बहुतेक वेळा फुकट येतो. त्यात पत्ते किती, तर दोनचा चौसष्टावा घात! आणि आपल्याकडे नवा सर्व्हर लावताना चेकलिस्टची पहिली ओळ काय असते? 'आयपीव्ही-सिक्स डिसेबल करा.' धन्य आहे.