खालिद जमीलला काढा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मडगावला फातोर्ड्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि एशियन कपचं तिकीट गेलं. तेव्हापासून एकच धोशा: खालिद जमीलला काढा. पुढे ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. राग समजतो. छांगटेच्या गोलने मिळालेली आघाडी घरच्या मैदानावर का टिकली नाही, याचा जाब कोचला विचाराच.

पण हिशोब पूर्ण मांडा ना राव! ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा पात्रता फेरीचे दोन सामने होऊन गेले होते, आणि खात्यात पॉइंट फक्त एक. आयएसएल लटकलेली, म्हणजे पोरांना मॅचच नाहीत. मोहन बागानने तर पहिल्या शिबिराला आपले खेळाडू सोडलेच नाहीत. तरी काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. ते मात्र कोणी बोलत नाही.

आधी स्टिमॅक गेले, मग मानोलो मार्केझ वर्षभरात गेले. काय फरक पडला? २०१७ ला आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस आहे हा. त्याला वेळेवर चालणारी लीग आणि धड शिबिरं द्या. नंतरही असंच खेळले तर शिव्या घालायला मीही येतो.