धगधगती नासपती

परवा ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. 'जर्मन लोक बघा, प्रत्येक यंत्राला स्वतःच्या भाषेत शब्द करतात! आणि आपण? बल्बला बल्ब!' खाली टाळ्याच टाळ्या. कामापुरतं जर्मन शिकलोय (क्लायंट तिकडचा, दुसरं काय), म्हणून राहवेना.

बल्बला जर्मनमध्ये म्हणतात 'ग्ल्यूबिर्ने'. 'ग्ल्यूएन' म्हणजे निखाऱ्यासारखं धगधगणं. आणि 'बिर्ने' म्हणजे चक्क नासपती! काचेचा आकार तसा, बस्स. तंत्रज्ञांचा शब्द वेगळा, 'ग्ल्यूलाम्पे', म्हणजे धगधगता दिवा. तो पुस्तकात राहिला, घरात नासपतीच. २००९ ते २०१२ मध्ये युरोपियन युनियनने तारेचे साधे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद केले. आता आत एलईडी, धगधगत काहीच नाही, तरी बरेच जण नासपतीच म्हणतात.

व्हॅक्यूम क्लीनर घ्या. 'श्टाउब' धूळ, 'झाउगर' ओढून घेणारा. श्टाउबझाउगर. म्हणजे आपला 'धूळओढ्या'! असा शब्द आपल्याकडे सुचवा, हेच टाळ्यावाले 'गावंढळ' म्हणून नाक मुरडतील. त्यांना 'निर्वात'पासून सुरू होणारं काहीतरी हवं असतं.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट. १८६१ मध्ये फिलिप राइसने फ्रँकफर्टला आवाज तारेतून पाठवून दाखवला. जर्मन माणूस, जर्मन शहर, यंत्राचं नाव मात्र ग्रीक मुळांचं: 'टेलेफोन'. पुढे पोस्टखात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांनी परके शब्द हाकलायला घेतले आणि सरकारी कागदांत त्याचा 'फेर्नश्प्रेखर' झाला. फेर्न म्हणजे दूर, श्प्रेखर म्हणजे बोलणारा. ओळखीचं वाटतंय ना? आपला दूरध्वनी! शब्द सोपा होता, पाठीशी अख्खं पोस्टखातं होतं. तरी आज जर्मन माणूस बोलताना 'टेलेफोन'च म्हणतो. मोबाइलला तर 'हँडी' म्हणतो, जो इंग्रजांनाही त्या अर्थाने कळत नाही!

तेव्हा जर्मनांचा दाखला द्यायचा तर पुरता द्या राव. हुकूम काढून तिथेही जमलेलं नाही.

एवढा चिडलोय, कारण एका अ‍ॅपचं मराठीकरण मी फुकटात करतोय. मी 'पासवर्ड' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'संकेतशब्द' केलं. आईच्या मोबाइलवर ते अ‍ॅप टाकलं. रात्री तिचा फोन, "अरे, संकेतशब्द मागतोय, तो कुठून आणू?"

"पासवर्ड गं."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"

मी तो परत 'पासवर्ड' केलाय. तपासणाऱ्यांचं उत्तर अजून यायचंय.